पोटुशी बाई आणि झुरळांचं औषध

"बेसिनमध्ये ओकू नकोस. खाली गटारावर जा." काकू म्हणाल्या.

मला सहावा महिना होता. नवरा उलव्याला बांधकामावर. मी सुकापूरहून चालत नवीन पनवेलला काकूंकडे धुणीभांडी करायला जायचे. त्या दिवशी त्यांच्याकडे झुरळांचं औषध मारायला माणूस आला होता. काकूंची सूनही पोटुशी. तिला आदल्या दिवशीच माहेरी ठाण्याला धाडलेली. वासही लागायला नको म्हणून.

औषधवाल्याने माझं पोट बघितलं. म्हणाला, "या ताईंना आत ठेवू नका."

काकू म्हणाल्या, "तिला काही होत नाही. या लोकांना सवय असते."

या लोकांना.

पाहुणे येणार होते, ओटा लगेच स्वच्छ हवा होता. काकू शेजारी जाऊन बसल्या. मी आत. खिडक्या बंद. कपाटं पुसली, मेलेली झुरळं हाताने गोळा केली. डोळ्यांची आग. जीभ कडू. उमळून आलं तेव्हा काकू दारात होत्या. भिंत धरून जिना उतरले, गटारावर ओकले. वर येऊन लादी पुसली.

थोड्याच दिवसांत पोटातली हालचाल थांबली. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. मेलेली. दाट केस होते तिला. डॉक्टरीण म्हणाली, औषधानेच झालं असं सांगता येत नाही, पण तू तिथे थांबायला नको होतंस.

दूध मात्र आलं. मोरीत बसून पिळून टाकायचे.

पोटासाठी परत त्याच घरी गेले. सुनेचं डोहाळजेवण होतं. सकाळपासून नारळ खवले, पुऱ्या लाटल्या. ओटी भरायची वेळ झाली तशा काकू हळूच म्हणाल्या, "तू जिन्यात थांब. तुझी सावली नको आज तिच्यावर."

हात पदराला पुसले. हॉलमध्ये गेले. बायका गात होत्या.

"काकू," मी म्हणाले, "सूनबाईला वास नको म्हनून ठान्याला धाडलीत. मला आत ठेवलीत. माज्या पोटात पन पोरच होती."

सुनेने स्वतःच्या पोटावर हात धरला. मी चपला घातल्या.

आता आमच्या चाळीतली पोटुशी बाई फवारणीच्या घरात जात नाही, तिच्या जागी दुसरीही जात नाही. काम सुटलं तर सुटलं. परवा एक मॅडम गाडी घेऊन चाळीत आली, तिच्या पोटुशी कामवालीला न्यायला. म्हणे, औषध मारून झालंय, फक्त पुसायचंय. मी दारात उभी राहिले.

"ती येनार नाय," म्हटलं.

"मग दुसरी कोणी दे."

"कोनीच येनार नाय."