आईच्या टॅबचं नेट

टॅब विकणाऱ्या त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. "मॅडम, नेट कसंही जोडता येतं," म्हणत त्यानं सिमची जागाच नसलेला टॅब माझ्या माथी मारला. मी शहरात, सावेडीत राहते, आई गावी काष्टीला धाकट्या भावाकडे. तिला ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली. ती समोरच्याचे ओठ वाचते, आणि मोबाईलवरचे ओठ तिला बारीक पडतात. म्हणून हा मोठा पडदा. दर रविवारी आईशी बोलता यावं, एवढंच मला हवं होतं.

पहिला उपाय भावाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. तो नेमका रविवारीच बंद असायचा. "ताई, मोबाईल रानात न्यायचा का न्हाई? पाण्याची मोटार त्याच्यावरच चालू करतो मी," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग वहिनीच्या जुन्या मोबाईलला केबल लावून टॅबला नेट द्यायची युक्ती मी तिला शिकवली. आठवड्यात केबल हरवली, म्हणे. शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड मिळवला, तर भावाचं त्यांच्याशी बांधावरून वाजलं आणि त्यांनी पासवर्ड बदलला. भांडायला या माणसाला निमित्त लागतच नाही. शेवटी मी सिम घालायचं वायफायचं डबडं विकत घेतलं, एसटीनं काष्टीला गेले आणि खिडकीत स्वतः बसवून आले. निघताना वहिनीला बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही."

रविवारी डबडं बंद. वहिनीनं त्याची पिन काढून तिथं मिक्सर लावला होता. मी फोनवर आकांडतांडव केलं तेव्हा कुठे भावानं ते चालू केलं. पडद्यावर आई आली, तिच्या मागे तो उभा. इतकं स्वच्छ चित्र आजवर कधी आलं नव्हतं. पण माझं डोकं फिरलेलं. आईशी एक अक्षर न बोलता मी त्याच्यावर तोंड सोडलं.

"येवढंच आसंल तर ने की तिला तुझ्याकडं," तो म्हणाला. "कवा येतीस न्यायला?"

"दोन खोल्यांत कुठं ठेवू तिला? तुझ्या गळ्यातलं लोढणं माझ्या गळ्यात बांधू नकोस."

आईसमोर भांडायचं तर पाठ फिरवून, ही आमच्या घरची रीत. काष्टीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं कित्येकदा भिंतीकडे तोंड करून भांडलोय. त्या दिवशी मी कॅमेऱ्यात बघत होते.

आई पडद्याजवळ सरकली.

"लोढनं म्हनलीस का गं मला?"

मला माझीच किळस आली. त्या क्षणी नेट जावं असं फार वाटलं, पण ते गेलं नाही. मग मी तिला नीट दिसेल असे, सावकाश ओठ हलवत म्हणाले, "नाही गं आई. तू चुकीचं वाचलंस."