काळी पाचचा बुवा

सहा महिने माझा देवाशी अबोला होता. खोटं कशाला बोलू? सकाळी बायको देव्हाऱ्यात दिवा लावायची तेव्हा मी मुद्दाम पेपर उघडून बसायचो. "देवावर रुसून काय मिळणारै तुम्हाला? तो काय समजूत काढायला येणारै?" असं ती म्हणायची आणि मी अजून चिडायचो. माझं भांडण साधं होतं. तीस वर्षं दर गुरुवारी मी त्याच्यापुढे बसून पेटी वाजवली, आणि त्याने काय केलं, तर एका सकाळी अर्धांगाचा झटका देऊन नेमकी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र लाकडासारखं ताठ राहिलं. न्यायचंच होतं तर दुसरं काहीही न्यायचं होतं ना!

आम्ही जोगेश्वरीचे. सोसायटीच्या आवारात दत्ताचं लहानसं देऊळ आहे, तिथे गुरुवारी संध्याकाळी आमचं मंडळ भजनाला बसतं. मूळचे सगळे कोकणातले, त्यामुळे भजन म्हणजे आमचा जीव की प्राण. पुढे बसून गातो तो बुवा, आणि आमच्या बुवांसारखा गळा मी तरी दुसरा ऐकलेला नाही. शाळेत शिपाई होते ते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. अंगाने काटकुळे, पण खर्जात उतरले की माझ्या पेटीचं लाकूड हाताखाली थरथरायचं. तिथून जे चढत जायचे ते इतके वर, की कोरसवाले टाळ थांबवून नुसते बघत राहायचे. पेटीवर काळी पाच म्हणून एक उंच पट्टी आहे. भल्याभल्या पुरुषांचे आवाज तिथे फाटतात. बुवा तिथे ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसे आरामात गायचे. पार मालाडपर्यंत लोक त्यांना काळी पाचचा बुवा म्हणूनच ओळखत.

झटक्यानंतर तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा भजनाला गेलो. सवयीने काळी पाच धरली आणि वाट लागली. त्या पट्टीत बोटांना सारखं काळ्या-पांढऱ्यावर चढावं उतरावं लागतं, आणि माझी दोन बोटं जागची हलेनात. सूर अडखळले, टाळ थांबले, सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बुवा खाकरले आणि म्हणाले, "पेटीवाल्या, आज माझो घसो बसलो हा रे. पांढरी एक धर." पांढरी एक म्हणजे अगदी खालची पट्टी. तिथे सूर बहुतेक एका रांगेत, सपाट असतात, तीन बोटांत निभावतं. भजन पार पडलं. घरी येताना मनात आलं, बुवांचा घसा बसला ते बरंच झालं, माझी लाज राहिली. देवाचे आभार मात्र मानले नाहीत, अबोला होता ना!

पुढच्या गुरुवारीही घसा बसलेलाच. त्याच्या पुढच्याही. दोन महिने झाले, अडीच झाले, बुवा आपले पांढरी एकमध्येच. मंडळात कुजबुज सुरू झाली. शिवरात्रीला आमची डबलबारी ठरली होती, म्हणजे दुसऱ्या मंडळाच्या बुवाशी समोरासमोर सामना. एका गुरुवारी भजन झाल्यावर विषय निघालाच, की दुसरा बुवा बघूया का. मला विचारलं, कारण तीस वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मी. आणि मी काय म्हणालो? "वय झालं आता त्यांचं. आवाज काय जन्माला पुरतो?" बुवा कोपऱ्यात टाळ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, टाळ पिशवीत ठेवले आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्या मंगळवारी मी हाताच्या व्यायामासाठी अंधेरीला गेलो तर दवाखाना बंद. डोकं फिरलं. परतीच्या रिक्षात मी एकटाच बडबडत होतो, देवापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा उद्धार चालला होता. रिक्षावाला बिचारा मुकाट्याने ऐकत होता. जोगेश्वरी आली तसा म्हणाला, "काका, एवढं भांडण आहे तर इथल्या गुंफेत जाऊन जोगेश्वरी देवीलाच सांगा ना. आज मंगळवार आहे, सोडतो तिथे." आणि माझ्या होकाराची वाट न बघता त्याने रिक्षा वळवलीसुद्धा. कोण कुठला, त्याचा चेहराही मी नीट पाहिला नाही.

म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे आज. दगडात कोरलेल्या पायऱ्या उतरून आत गेलो. आत थंडावा, ओल, अंधुक उजेड. आणि त्या अंधारातून आवाज आला. मी खांबाला धरून उभा राहिलो. तीस वर्षं त्या सुराशेजारी बसलोय, पट्टी ओळखायला मला पेटी लागत नाही. काळी पाच होती. त्याच्याही वर चढत होता तो आवाज, स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. देवीपुढे आमचे बुवा एकटे उभे राहून गात होते.

गाणं थांबलं. मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, गावी देवापुढे घालतो तसंच. "आई जोगेश्वरी, माझ्या पेटीवाल्याची दोन बोटां आखडली आसत, ती मोकळी कर. तोवर मंडळात मी खालीच गातलंय. लोक काय बोलतत ते बोलोत. पण तेका ह्या कळता नये."

गाऱ्हाणं संपलं की मागे उभं असेल त्याने साथ द्यायची असते. लहानपणापासूनची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

बुवा दचकून वळले. "मेल्या, तू हंय खंय?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "बुवा, त्या दिवशी मी काय बोललो ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलंय."

"मग गप्प का बसलात?"

"काय बोलू? माझो आवाज खाली पण जाता, वर पण जाता. तुझी बोटां खंय जातली?"

मी तिथेच ओल्या दगडावर बसलो. एवढा मोठा गळा, आणि तो माणूस माझ्या तीन बोटांच्या मापाने गात होता. नावलौकिकावर पाणी सोडून, माझ्याच तोंडचं ऐकून घेऊन.

त्या गुरुवारी मी मंडळाला सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने. मग एक बोट काळी पाचवर ठेवलं आणि नुसता सा धरला. "गा बुवा," म्हटलं. ते नको नको म्हणत होते, मी बोट उचललं नाही. शेवटी गायले. पेटी वाजवायची माझी हौस त्या एका सुरावर मी भागवली आणि खरं सांगतो, तीस वर्षांत एवढं भजन मी ऐकलंच नव्हतं. माझीच बोटं ऐकत बसायचो ना! शिवरात्रीच्या बारीला बुवाच बसले. पेटी मंडळातल्या सावंतांच्या सुनेने वाजवली, मी तिच्या शेजारी दुसऱ्या पेटीवर सा धरून होतो.

बोटं अजून तशीच आहेत. बायकोने विचारलं होतं, तो काय समजूत काढायला येणारै? आला होता. दर गुरुवारी माझ्या मांडीला मांडी लावून पांढरी एकमध्ये गात होता, आणि मी म्हणत होतो, वय झालं त्याचं.

आता मंगळवारी आम्ही दोघं गुंफेत जातो. मी गाऱ्हाणं घालतो, पण बोटांचं काढत नाही. हा गळा सांभाळ, एवढंच म्हणतो. त्यावर बुवा साथ देत नाहीत, "माझ्यासाठी कित्याक मागतंस मेल्या?" म्हणून डाफरतात. मग माझ्या गाऱ्हाण्याला मीच व्हय म्हाराजा म्हणतो.