खिळ्यावर राहिलेला बिल्ला

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मला रडू आलं.

ईसीजी झाला होता, रक्त तपासलं होतं, थायरॉईडही पाहिलं होतं. ही गळ्यातली एक ग्रंथी, ती बिघडली तरी छाती धडधडते. सगळं नॉर्मल निघालं. खरं सांगायचं तर मला हृदयाचाच आजार हवा होता. त्या रोग्याला कोणी दोष देत नाही. डॉक्टर म्हणाले, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. सोबत डिप्रेशनही आहे." मग त्यांनी समजावलं. पॅनिक अटॅकमध्ये धोका नसतानाही शरीर धोका समजतं, श्वास कोंडतो, हात बधिर होतात, आपण आता मरणार असं वाटतं. आणि डिप्रेशन म्हणजे नुसती उदासी नाही, मन खचून जाण्याचा आजार.

चंद्रपूरच्या त्याच दवाखान्यात, जिन्यापलीकडच्या हाडांच्या वॉर्डात, कवडूभाऊ मोडलेला पाय वजनाला टांगून पडले होते. माझ्यामुळे.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होतो, म्हणजे एका पाळीत जमिनीखालच्या कामावर देखरेख करणारा. खाण-मॅनेजरच्या सर्टिफिकेटची परीक्षा देत होतो. हवा खेळवण्याचं गणित, सर्व्हे, यंत्रं आणि खाणकायदा. दोनदा नापास झालो होतो, तिसरी खेप जवळ आली होती. सिंदेवाहीकडच्या आमच्या बौद्ध वस्तीत मी गेलो की म्हाताऱ्या बायासुद्धा "मॅनेजर साहेब आले" म्हणायच्या. थट्टाच ती. मी ती मनावर घेतली.

आधी झोप गेली. मग वाचलेलं पान पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागू लागलं. जेवण नको झालं. छाती धडधडली की बायकोला, रेखाला, मी पित्त झालं म्हणून सांगायचो. खाणीत आमची वैद्यकीय तपासणी व्हायची. डोक्याचा पेशंट असा शिक्का बसला तर खाली उतरू देणार नाहीत, या भीतीने वर्षभर तोंड शिवून बसलो. तुम्ही हे करू नका.

आमच्याकडे खाली जाताना आपला बिल्ला लॅम्प रूममध्ये द्यायचा आणि त्याच नंबरचा टोपीचा दिवा घ्यायचा. वर आलं की दिवा परत, बिल्ला परत. बिल्ला खिळ्यावर लटकत राहिला तर तो माणूस खाणीतच आहे असं समजायचं. हा नियम अपघाताच्या दिवशीच पहाटे मी कायद्याच्या पुस्तकातून घोकला होता.

त्या दिवशी पाळी संपायच्या थोडं आधी माझी छाती आवळली. कोणाला काही न बोलता चढण चढून वर आलो आणि सरळ घरचा रस्ता धरला. दिव्याची एवढी जड बॅटरी कमरेला होती, पण भानच नव्हतं. घरी भिंतीला टेकून बसलो. श्वास जरा जागेवर आला तेव्हा रेखा म्हणाली, "अवो, हा दिवा घरी काऊन आणला जी?"

मी उठून खाणीकडे पळत सुटलो.

कवडूभाऊ खाणीतले जुने सरदार, म्हणजे ओव्हरमनच्या हाताखाली कामगारांची टोळी सांभाळणारे. छत ठोकून, ते पक्कं आहे की सुटलेलं, हे आवाजावरून ओळखायला मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांची पाळी संपली होती, स्वतःचा बिल्ला हातात होता. माझा खिळ्यावर दिसला तसे ते कोणाची वाट न पाहता परत खाली गेले. जुन्या गॅलरीत, म्हणजे कोळसा खणून झालेल्या बोगद्यात, निसरड्यावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून वर आणत होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्या कमरेचा दिवा पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मला आणखी एक झटका आला आणि रेखानेच मला दवाखान्यात नेलं. तीन दिवस तपासण्या चालल्या. रिपोर्टची वाट पाहत बाकड्यावर बसायचो, हाडांच्या वॉर्डाच्या दारापर्यंत जायचो आणि मागे फिरायचो. निदान झालं त्या दिवशी आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. घाबरून पळालो, वर्षभरापासून हे असंच चाललं आहे.

भाऊ पंख्याकडे पाहत होते. म्हणाले, "मले वाटलं, तू दगडाखाली दबला. चार गॅलऱ्यांत हाका मारल्या तुले. तू ओ देऊन नाई राह्यला." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "रोज सोबत डबा खाल्ला ना आपण. मले काऊन नाई सांगितलं?"

मी स्टूल ओढून त्यांच्या खाटेपाशी बसलो.

आठ महिने गोळ्या चालल्या. काउन्सेलिंग झालं, म्हणजे डॉक्टरांपुढे बसून मनातलं बोलायचं. झोप परत आली. बरा झाल्यावर परीक्षा देता येईल असं डॉक्टर म्हणाले होते, पण फॉर्म भरायला मन धजलं नाही. त्याचं दुःख अजून आहे. भाऊंचा पाय आखूड राहिला आणि ते पुन्हा कधी खाणीत उतरले नाहीत. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. गल्लीत माझी सायकल वाजली की ते खाटेवरूनच हाक मारायचे आणि मी वळणावरूनच मोठ्याने "ओ, भाऊ" म्हणायचो. ते गेले त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा.

आता रेखा "कसं वाटते जी?" विचारते, तेव्हा मी पित्ताचं नाव सांगत नाही. तुमच्या दाराशीही कोणीतरी असं विचारत उभं असेल. त्याला ओ द्या. नाहीतर ते माणूस तुम्हाला शोधायला खाली उतरेल.