निनावी कढई

मंगळवारी सुमन गेली. बुधवारी कळलं, की मला फोडणी देता येत नाही.

एकतीस वर्षांच्या संसारात हे कळायची वेळच आली नव्हती. मी गुजराती मुलखात, लिंबायतमधल्या एका शाळेत मराठी शिकवतो. कविता तीन प्रकारे समजावून सांगू शकतो. पण तेल तापलं की दोन पावलं मागे सरकतो.

पुढचे दोन महिने लोक बसायला येत राहिले. मी चहा करायचो. ते एक घोट घ्यायचे, एकमेकांकडे बघायचे आणि म्हणायचे, "सर, आता सावरा." (चहाबद्दलच म्हणत असावेत.)

मुलगी अश्विनी बमरोलीला दिलेली. तिला मी दिवसातून चार फोन करायचो. एकदा ती वैतागली.

"आप्पा, आधी जिरं की आधी मोहरी, हे तुम्ही आज तिसऱ्यांदा विचारलंत! करताना व्हिडिओ काढा आणि चढवा. मी बघून चुका सांगते."

मी चढवला. फक्त तिला दिसायला हवा होता, तो जगाला दिसला. (ती बटणं फार जवळजवळ असतात.) संध्याकाळपर्यंत अकरा अनोळखी माणसांनी लिहिलं होतं.

"काका, मोहरी जळली!"

"अहो, आधी गॅस बारीक करा ना!"

"राई बळी गई, मोटाभाई!"

मी ते चार वेळा वाचलं. एकानंही 'सावरा' म्हटलं नव्हतं. दोन महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात कोणीतरी माझ्यावर ओरडत होतं, आणि सूर थेट सुमनचा होता!

तेव्हाच ठरवलं, की आपण कोण, हे या लोकांना कधीही कळू द्यायचं नाही. एकदा कळलं, की हेही सावरायला सांगणार.

चॅनलचं नाव ठेवलं 'निनावी स्वयंपाक'. व्हिडिओत फक्त हात. डाव्या मनगटावर तीळ आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही मे महिन्यात! भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुकानाचं नाव होतं, ती उलटी टांगली. खिडकीला चादर लावली. तरी शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमचा खटखटाट यायचाच. तो ऐकून कोणी लिंबायत ओळखलं तर? म्हणून व्हिडिओ चालू असताना मी रिकामा मिक्सर फिरवून ठेवायचो.

शेजारच्या इंदूबाई दारात आल्या. "भाऊ, तुम्ही रोज काय दळी ऱ्हायनात?"

"मसाला."

"इतला मसाला? एकटा माणूसले?"

अश्विनीही फोनवर म्हणाली, "आप्पा, तुम्ही वरण करताय की हेरगिरी?"

"माणसानं इंटरनेटवर मागमूस ठेवू नये, बाळा," मी वर्गात बोलतो त्या आवाजात सांगितलं.

मग शेवभाजीचा दिवस उजाडला. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं, "काका, तळाला लागलीय वाटतं. कढई तिरकी करून दाखवा बघू." इतक्या हक्कानं सांगितल्यावर मी ऐकणार नाही तर काय! लगेच दुसरा व्हिडिओ काढून तीच कढई कॅमेऱ्यासमोर धरली.

तळाला लागली होतीच. पण काठावर कोरलं होतं : 'सौ. सुमन हिस, दादा-वहिनीकडून सप्रेम भेट.'

"सुमन कोण?" एकानं विचारलं.

बस्स! लोक मागचे सगळे व्हिडिओ थांबवून, मोठे करून बघायला लागले. परातीवर अश्विनीचं बारसं सापडलं, तारखेसकट. पाण्याच्या पिंपावर गृहप्रवेश होता आणि खाली घर नंबर. पिठाच्या डब्यावर तर 'आदर्श शिक्षक' आणि शाळेचं पूर्ण नाव!

आपल्याकडे घरात येणारं प्रत्येक भांडं नाव घालूनच येतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्यातले निम्मे मजकूर मीच लिहून दिले होते.

शेवटी सापडली ती वाटी. उत्तरकार्यात वाटून उरलेल्या वाट्यांपैकी एक. 'कै. सुमन यांच्या स्मरणार्थ', त्याखाली माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि मोबाइल नंबर! ("राहू द्या आप्पा, लोकांच्या उपयोगी पडतो," असं जावई म्हणाले होते. आकडे मी स्वतः दोनदा तपासले होते.)

फोन वाजला.

"निनावी काका ना?"

"राँग नंबर."

"अहो, मागे मिक्सर ऐकू येतोय की!"

संध्याकाळी इंदूबाई सात बायकांना घेऊन बसायला आल्या. "भाऊ, आम्हले सांगतात तर आम्ही नसतं का शिकाडं?" म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी चहा केला. सातही जणींनी एकमेकींकडे बघितलं.

पण खरा घाव मोबाइलवर बसला. व्हिडिओंखाली नुसती जोडलेल्या हातांची चित्रं. "सावरा, काका." "काकूंना श्रद्धांजली." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोहरी जाळली. इतकी, की धुरात कढई दिसेना! श्वास रोखून वाट बघितली.

"अप्रतिम, काका!"

"काकूंचा आशीर्वाद आहे तुमच्या हाताला."

मी चॅनल बंद केलं.

तरी माणूस शहाणा होतो. येत्या रविवारी नव्या नावानं नवं चॅनल काढायचं ठरवलं आणि भांड्यांच्या दुकानात गेलो. कोरी, गुळगुळीत कढई निवडली. ना नाव, ना गाव! पैसे दिले. दुकानदारानं कोरायचं मशीन हातात घेतलं आणि खाली मान घालून विचारलं, "नाम शुं लखुं, काका? मफत छे."

एकतीस वर्षं या प्रश्नाचं मी एकच उत्तर देत आलो होतो. तेच दिलं. चूक लक्षात येईपर्यंत त्यानं काठावरची भुकटी फुंकून उडवली होती.

आता माझ्याकडे चॅनल एकही नाही. कढया दोन आहेत. दोन्हींवर सुमनचं नाव आहे आणि मोहरी दोन्हींत जळते.