देव पाण्यात, मत पेटीत

आमच्या घरातली चारही मतं वकीलसाहेबांनाच पडणार, हे मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, परस्पर जाहीर करून टाकलं होतं. मामंजी कचेरीत पेशकार होते, न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे कारकून, आणि वकीलसाहेबांपुढे मान हलवण्यात त्यांची उमर गेली होती. देशातली ती पहिलीच मोठी निवडणूक. जबलपूरकरांच्या तोंडून आपल्या प्रांताचं 'सीपी', म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, हे इंग्रजी अमदानीतलं नाव अजून गेलं नव्हतं.

मी मत दुसऱ्यालाच दिलं. कारण सांगायला आज लाज वाटते. वकीलसाहेब मतं मागायला आले, माझ्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "हे गरम पाणी कोणी केलं?" सगळे हसले. नवराही हसला. माझं मत तिथेच ठरलं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पडद्याआड गेले आणि गोहलपुरात छापखाना चालवणाऱ्या उमेदवाराच्या पेटीत मतपत्रिका सारली. देशाचं भलं वगैरे डोक्यातही नव्हतं.

हा छापखानेवाला आमच्याकडे एकदाच आला होता, मतदारांची यादी घेऊन. यादीत सासूबाईंची नोंद नुसती 'अमक्याची बायको' अशी होती. "काकीजी, अपना नाम लिखवाइए, नहीं तो कट जाएगा," म्हणाला आणि उभ्याउभ्या त्यांचा अर्ज लिहून घेऊन गेला. मामंजी कुरकुरले, "तिचं नाव काहून पाहिजे याला?"

मत देऊन घरी आल्याबरोबर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सगळे पितळी गंजात, पाण्याच्या पातेल्यात. मनासारखा निकाल लागेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. मामंजींना भरून आलं. "वकीलसाहेबांसाठी पाहा कशी झटून राहिली," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

माझी मात्र झोप उडाली. छापखानेवाला जिंकला तर वकीलसाहेब पडणार, आणि ते पडले तर देव जन्मभर पाण्यात! तेही माझ्या एका मतापायी, ऐन थंडीत. सासूबाई झोपल्या की मी गंजात हळूच कोमट पाणी ओतायचे आणि बाळकृष्णाला सांगायचे, "तुझी काही चूक नाही रे बाबा, चहाचं प्रकरण आहे."

निकालाच्या संध्याकाळी आम्ही भिंतीपलीकडे गेलो, रेल्वेतल्या भैयाजींकडे. त्यांच्याकडे रेडिओ होता. सासूबाई डोकं दुखतं म्हणून घरीच राहिल्या. मामंजी मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन पुढेच बसले. बऱ्याच खरखरीनंतर आमच्या जागेचा निकाल आला. छापखानेवाला जिंकला! माझ्या हातून टाळी वाजलीच, मग मी डास मारल्यासारखं केलं. दुसऱ्याच क्षणी गंजातले देव आठवले. जिंकले होते मी, आणि रडू येत होतं.

मामंजींनी तिथेच तासभर शोक केला. शोक करता करता पेढेही संपवले. आम्ही घरी आलो तर तुपाचा वास. देव कोरडे होऊन देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेले, आणि सासूबाई नैवेद्याचा शिरा हलवून राहिलेल्या.

"अगं, वकीलसाहेब पडले. देव काहून काढले?"

"निकाल ऐकला ना भिंतीतून," सासूबाई म्हणाल्या आणि पानं घेतली.

मामंजींना उलगडा व्हायला दोन घास लागले. तिसरा हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी शिऱ्याकडे. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा ताटात वेलची शोधत होता.

"म्हणजे वकीलसाहेबांना माझं एकट्याचंच?"

"मतदानाच्या दिवशी तिथल्या बाबूनं माझं नाव मोठ्यानं वाचलं," सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून कोणी घेतलं नव्हतं. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला बोलावून राहिला." मग माझ्या पानात मोठा डाव शिरा पडला. "तू घे पोटभर. पाणी कोमट कोण करून राहिलं, मला माहीत आहे."

किती दिवसांची भीती एकदम उतरली आणि मला हसू आवरेना.

मामंजींनी मुकाट्यानं ताट पुढे केलं. सासूबाईंनी डाव वरच धरला.

"नाव घेऊन मागा."

मामंजींनी आधी दाराला कडी आहे ना ते पाहिलं, आणि मग घेतलं.