कोपरा राहिला

मुलांना भूल देण्याचे काम करीत आलेल्या माणसाने उतारवयात लेखणी हाती घ्यावी, हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी. पण आमच्या गोंदियाच्या रुग्णालयात मुलांच्या मेंदूतील गाठी काढणाऱ्या मॅडमविषयी दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही.

गाठ निघून सूक्ष्मदर्शकातून सारे स्वच्छ दिसू लागले, आम्ही मनातल्या मनात चहा मागविला, की त्या मान किंचित तिरपी करीत. "कोपरा राहिला." मग पेन्सिलीसारखी बारीक दुर्बीण अलगद आत सरकवीत. सूक्ष्मदर्शक समोरचे दाखवितो; दुर्बीण आडचे.

अर्जुनी मोरगावकडची एक चार वर्षांची पोर आली होती. गाठ डोळ्याची नस दाबत होती. नजर मंदावत चालली होती. आईवडील तयार होते, पण आजोबा तिला कडेवर घेऊन दारात उभे. "मी नेतो पोरीले घरी!" आम्ही त्यांना कितीतरी वेळ गाठीची चित्रे दाखविली. मग मॅडम आल्या. मान तशीच तिरपी.

"बाबाजी, काऊन नाही म्हणून राहिले जी?"

"केस नवसाचे आहेत. मामाच्या मांडीवर बसल्याबिगर कैची लावाची नाही."

"त मामाले बोलवा ना!"

शस्त्रक्रिया दुसऱ्या सकाळवर गेली. तोवर नजर गेली तर, ही धास्ती साऱ्यांनाच होती. मॅडम घटकेघटकेला पोरीचे डोळे तपासत राहिल्या. मामा एसटीने आला आणि वॉर्डातच मांडी घालून बसला. कैची केसांपाशी नेऊन तो पुन्हा पुन्हा मागे घेऊ लागला.

"अरे मामा, डोकं त माले उघडाचं आहे. तू काऊन भिऊन राहिला?"

आजोबासुद्धा हसले. हिरव्या कापडात झेललेल्या केसांची पुरचुंडी मॅडमनी स्वतः त्यांच्या हाती दिली.

सकाळी शस्त्रक्रिया आटोपत आली तसा सहायक म्हणाला, "मॅडम, हो गया. साफ है."

"कोपरा राहिला."

दुर्बिणीच्या पडद्यावर नसेमागे तांदळाच्या कणीएवढी गाठ चिकटलेली दिसली. तीही निघाली.

शुद्धीवर आल्यावर पोरीने मामाकडे टक लावून पाहिले. "मामा, तुही मिशी वाकडी!" मॅडम एकदम पाठमोऱ्या झाल्या आणि धुतलेलेच हात पुन्हा धुऊ लागल्या.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. गोंदियालगतच्या कुडव्यातले घर सोडून लेकीकडे गेल्या. आताचे डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत. मात्र गडबडीत कधी दुर्बीण ट्रॉलीवरच राहते, "हो गया" ऐकू येते, आणि ते दोन शब्द माझ्या ओठांपर्यंत येऊन थांबतात. मी तर केवळ भूल देणारा. ते मी मोठ्याने म्हणावेत का?