शाफ्टावरची शेंदराची रेघ

आबांना अक्षर येत नव्हतं आणि मला राग आवरत नव्हता. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मेंढरांचं. आजा चारठाण्याच्या माळावर कळप घेऊन हिंडायचा. एका साली रोग आला, कळप संपला, आणि आबा पूर्णेच्या बाजूला एका जिनिंगवर रोजानं कापसाची ओझी वाहायला लागले. ओझी वाहता वाहता ते इंजनाजवळ रेंगाळायचे, मिस्त्रीला पाना दे, तेलाचा डबा दे, असं करायचे. तो मिस्त्री म्हातारा होऊन गावी गेला तेव्हा त्याची हत्यारांची पेटी मालकांनी आबांच्या हवाली केली. मी सांगतोय त्या सालापर्यंत ती पेटी अठरा वर्षं आबांजवळ होती. चुकून पाय लागला तर माय तिला हात जोडायची.

जिनिंगचं काम म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची. सगळी मशिनं एका ओळीत, आणि त्यांच्या डोक्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला एक लोखंडी दांडा. तोच शाफ्ट, बेरिंगांच्या पितळी वाट्यांत फिरणारा. एका टोकाला इंजन. इंजन शाफ्ट फिरवणार आणि शाफ्टावरून उतरलेल्या पट्ट्यांवर मशिनं चालणार. थोरल्या मालकांनी आठ मशिनं मांडली होती आणि त्यांच्यावरचा शाफ्ट होता दोन इंच जाडीचा. थोरले मालक गेले, निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली सिक्का मागं पडला, आपण मुंबई राज्यात आलो, तरी ती आठ मशिनं जागची हलली नाहीत. थोरल्यांच्या हातची आहेत, त्यांना धक्का लावायचा नाही, असा धाकट्या मालकांचा हुकूम होता.

धाकट्या मालकांना मात्र हौस भारी. दर दसऱ्याला एक नवं मशीन आणायचं. ते बसायचं रांगेच्या शेवटी, इंजनापासून सगळ्यात लांब, कारण थोरल्यांच्या मशिनांच्या पुढं बसवायची छाती कुणाची? नवव्या मशिनाच्या वेळी शाफ्ट वाढवावा लागला. आबांनी विचार केला, नवं ओझं शेवटाला येतंय, तर जाड लोखंडही शेवटालाच पाहिजे. त्यांनी अडीच इंची दांडा मागवून घेतला, चार मशिनांना पुरेल एवढा लांब, आणि शेपटाला जोडला. घर बांधताना जिथं भार तिथं आपण जाड खांब देतो, तसा. कुणालाही पटेल असंच होतं, मलाही पटलं होतं.

दसऱ्याची आणखी एक रीत होती. पूजा झाली की आबा तेलात शेंदूर कालवायचे, दोरी ताणून धरायचे आणि शाफ्टावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारायचे. देवाचं देवाला झालं, आणि पट्ट्यांची चाकं एका सरळीत बसवायला खूणही झाली. पुढच्या दसऱ्याला जुनी रेघ पुसायची आणि नवी मारायची.

बारावं मशीन बसलं त्या हंगामातली ही गोष्ट. मी हैदराबादला इंजिनियरिंगच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीला म्हणून चुडाव्याला गाडीतून उतरलो, तर स्टेशनावरच बातमी कळली की जिनिंगचा शाफ्ट तुटला, एका हंगामात तिसऱ्यांदा. ट्रंक खांद्यावर टाकून तसाच जिनिंगवर गेलो. ताडकळसकडच्या कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या होत्या. आत मालक आबांना सगळ्यांदेखत झाडत होते.

"मिस्त्री, बेरिंगा वाकड्या बसवायलास तू. म्हणून शाफ्ट वाकून मोडायलाय. तीनदा बघितलं. आता शुक्रवारी वऱ्हाडातला मिस्त्री येतोय, पेटी त्याच्या हवाली करायची."

आबा मान खाली घालून उभे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बेरिंगा वाकड्या कशावरून? बघितल्या का तुमी?" मी ओरडलो.

"तू शिकायलास ना? मग शीक. मधी बोलू नको," मालक म्हणाले आणि निघून गेले. माणूस तसा वाईट नव्हता, पण घाईचा होता.

तुटलेला तुकडा खाली पडला होता. नवा दांडा बदली आणून ठेवला होता, तोही दोन इंचीच. लोखंडाला तेव्हा परमिट लागायचं, मिळेल ते घ्यायचं. मी तुटल्या जागेवर हात फिरवला. तोंड तिरपं होतं. आबांच्या कानावर कायम खडूचा तुकडा खोचलेला असायचा. तो मी मागून घेतला आणि वाकवून मोडला. मोड सरळ आला. उरलेल्या खडूची दोन टोकं दोन हातांत धरून, ओलं धोतर पिळावं तसा पीळ दिला. आता मोड तिरपा आला, अगदी शाफ्टासारखा.

"आबा, बेरिंगा सरळ हायेत तुमच्या! हा वाकून मोडला न्हाई, पिळून तुटलाय."

आबांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले.

शाफ्ट तिन्ही वेळा एकाच ठिकाणी तुटला होता. इंजनाजवळ, पहिल्या मशिनाच्या अलीकडं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि खडूनं हिशेब मांडला. इंजनाजवळच्या दांड्यातून बाराही मशिनांचा पीळ जातो. पहिलं मशीन आपला वाटा काढून घेतं, पुढं अकराचा जातो, मग दहाचा. शेवटच्या मशिनापाशी फक्त एकट्या त्याचाच उरतो. दोन इंची दांड्यावर आठ मशिनं घातली की चौरस इंचाला सहा हजार पौंड ताण येत होता, आणि चाक अडकवायच्या चावीसाठी खाच पाडलेल्या लोखंडाला आमच्या पुस्तकात हद्द दिली होती ती नेमकी तेवढीच. थोरल्या मालकांना कुणी हिशेब करून दिला होता देव जाणे, पण दिला होता पक्का. बारा मशिनं घातली की आकडा नऊ हजारांवर गेला. तुटेल नाही तर काय होईल!

मग जाड दांड्याचा आकडा काढला. पिळाला दांडा किती टिकतो हे काढताना जाडी तीनदा गुणायची असते. दोनाचे होतात आठ, अडीचाचे साडेपंधराच्याही वर. म्हणजे जाडी अर्धाच इंच जास्त, पण ताकद जवळजवळ दुप्पट. बाराच्या बारा मशिनं त्याच्यावर टाकली तरी ताण पाच हजारांच्या आत. आणि असा हा पैलवान शेपटाला चार मशिनं घेऊन निवांत पडला होता! मी टाळी वाजवून उठलो. नवं काहीच आणायचं नव्हतं. जाड दांडा इंजनाकडं घ्यायचा, पातळ शेपटाकडं न्यायचा. पातळ्यावर पुन्हा आठच मशिनं आली असती.

"आबा, दांडा उलटा बसलाय! जाड इकडं पाहिजे होता."

"बसवला कुणी?" आबांनी विचारलं.

मी खडू खाली ठेवला.

"मीच ना? म्हंजे चार सालं मी उलटं करायलो. बेरिंगा सरळ असून काय उपेग? चूक माझीच निघाली की."

मी मूर्ख. नको तिथं खरं बोलायची खोड. "हो," म्हणालो.

आबा घरी आले, भाकरीला हात लावला नाही, भिंतीकडं तोंड करून पडले. ज्या हिशेबानं त्यांची पेटी वाचणार होती, त्याच हिशेबानं ते चारचौघांत चुकलेले ठरणार होते. ते बोलले नसते तर मीही मालकांपुढं तोंड उघडणार नव्हतो, आणि मग शुक्रवारी पेटी गेलीच असती. माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "लय शिकलास रं. बापाला वाचवायला आलास का बुडवायला?" मला ते फार लागलं.

सकाळी उठलो तर आबा घरात नाहीत. धावत जिनिंगवर गेलो. आबा यंदा पहिल्यांदा तुटलेल्या दांड्याजवळ उकिडवे बसले होते आणि रॉकेलच्या बोळ्यानं त्याच्यावरचा तेलकट मळ काढत होते.

"इकडं ये. ही रेघ बघ."

यंदाच्या दसऱ्याची शेंदराची रेघ. तुकड्याच्या एका टोकाला सरळ निघालेली आणि इंजनाच्या बाजूला येता येता तिरपी झालेली.

"दर साली अशीच कललेली दिसायची. मला वाटायचं, मारताना माझाच हात हालला. मी आपला पुसून परत सरळ मारायलो." त्यांनी वर, शेपटाकडच्या जाड दांड्याकडं बोट केलं. "तिकडची बघून आलो. सुतात हाय, पार सरळ. लोखंड चार सालं बोंबलायलं रं, न् मी त्याचं तोंड पुसायलो."

मी त्यांना सांगितलं की इंजन सुरू होताना झटका बसतो, त्यात ताण हद्दीच्या फार पुढं गेला की लोखंड थोडं पिळतं आणि तसंच राहतं. पुढं मीही त्या रेघेवरून कोन मोजला, वहीत उतरवला, सगळं केलं. पण आकडेमोड न करता आबांनी जे पाहिलं होतं त्यापुढं माझी वही काय! ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "चल मालकाकडं."

मालकांसमोर आबांनी स्वतः दोन खडू मोडले. एक वाकवून, एक पिळून. मग तुटका तुकडा पुढं ठेवला आणि दोन्ही दांडे अदलाबदल करून बसवतो म्हणाले. मालकांनी तिन्ही मोड उलटसुलट करून पाहिले. नवीन काही विकत आणायचं नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला.

"शुक्रवारी बाराच्या बारा मशिनं दिवसभर चालली पाहिजेत," ते म्हणाले. "तुटला तर पेटी ठेवून जायचं."

"कबूल," आबा म्हणाले. कागदावर सहा हजार लिहिणं वेगळं आणि बापाची अठरा वर्षं त्याच्यावर टांगणं वेगळं. मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब करून पाहिला.

दोन दिवस आम्ही बापलेक मचाणावर होतो. दोन्ही दांडे उतरवले, बेरिंगच्या पितळी वाट्यांची अदलाबदल केली, इंजनाकडच्या मोठ्या चाकाचं भोक अडीच इंची करायला बैलगाडीनं पूर्णेच्या लेथवर नेऊन आणलं. आबा प्रत्येक बेरिंग बसवताना दोरी लावून मला दाखवायचे, "बघ, सरळ हाय ना?" मी म्हणायचो, "हाय, आबा." शेवटी त्यांनी शेंदूर कालवला आणि दसरा नसताना रेघ मारली.

शुक्रवारी आठ वाजता इंजन सुरू झालं. वऱ्हाडातला मिस्त्री आलाच होता. तो एका गाठोड्यावर बसून आबांच्या पेटीकडं बघत होता, मला तर त्याला उचलून बाहेर ठेवावंसं वाटत होतं. एकेक पट्टा चढवला. आठ झाली, नऊ, दहा, अकरा. बारावं लागलं तसा शाफ्टाचा आवाज जड झाला आणि माझे कान ताठ झाले. दुपारच्याला एकदम किंकाळी फुटल्यासारखा आवाज आला. बायका कापूस टाकून बाजूला झाल्या. मालक खुर्चीतून उठले. आबांनी वर बघितलंसुद्धा नाही. गेले, मूठभर राळ घेतली आणि चौथ्या मशिनाच्या पट्ट्यावर फेकली. पट्टा घसरत होता, एवढंच. आवाज थांबला.

सहा वाजले. फाटकाबाहेर एकही गाडी उरली नव्हती. इंजन बंद केलं, शाफ्ट फिरत फिरत थांबला. आबा शिडीवर चढले, इंजनाकडच्या टोकाला रेघेवर बोट ठेवलं आणि पार शेवटपर्यंत शिडी सरकवत सरकवत बघत गेले. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. रेघ सुतात होती.

जिंकलो होतो! मी तर नाचायचाच बाकी होतो. मालकांनी माझी पाठ थोपटली. "शाबास! आणि मिस्त्री, तुझ्या बेरिंगांना मी उगीच नावं ठेवली."

तिथं आबांनी गप्प बसावं की नाही! पेटी वाचली होती, मान वाचला होता. पण ते सगळ्यांपुढं हात जोडून म्हणाले, "बेरिंगा सरळच होत्या मालक. पर जाड दांडा मीच उलट्या टोकाला घातलेला. चूक माझी होती, ती पोरानं काढली."

एवढा तापट मी, पण तिथं सरकीच्या ढिगाआड जाऊन ढसाढसा रडलो. वऱ्हाडातला मिस्त्री उठला, आबांना रामराम केला आणि रात्रीची गाडी गाठायला निघून गेला.

पुढच्या दसऱ्याला मी नोकरीवरून रजा काढून आलो. जिनिंगवर पोचलो तर पूजेची तयारी झालेली. आबा शाफ्टाखाली उभे राहून जुनी रेघ न्याहाळत होते. वर्षभर बारा मशिनं ओढून ती होती तशीच होती. त्यांनी ती पुसली नाही, तिच्यावरच नवा शेंदूर दिला.

तेवढ्यात मालकांचं तेरावं मशीन आलं. आठ माणसं ते उचलून रिवाजाप्रमाणं रांगेच्या शेपटाकडं निघाली.

"तिकडं न्हाई," आबा म्हणाले. "इकडं आणा. इंजनाच्या भिंतीजवळ."

सगळे थबकले. मालकांच्या कपाळाला आठी पडली. "थोरल्यांच्या मशिनांच्या पुढं?"

"जाड्या दांड्यावर बसू द्या त्याला. तिकडं शेपटाला पातळा हाय, न् पातळ्यावर आठच." आबांनी आवाजही चढवला नाही. "ते थोरल्यांनीच ठरवलेलं हाय, मालक."

मालकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, हे मीच पढवून ठेवलंय. मी तर आत्ता गाडीतून उतरलो होतो, आणि ट्रंक अजून माझ्या खांद्यावरच होती.